‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीसारखी वारसाहक्काने येते. ज्या अनुभवातून ती जन्मली तो खोटा नाही. बांधावरून, वाटणीवरून, भाऊबंदकीवरून सुरू झालेल्या दाव्यांत दोन-दोन पिढ्या झिजल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात. दावा जिंकला तेव्हा जिंकणारा हयात नव्हता, अशा कथाही आपण ऐकलेल्या असतात. मात्र दिवाणी दाव्यांच्या जगातले हे शहाणपण आज आपण सरसकट वेगळ्याच ठिकाणी वापरू लागलो आहोत. शहरातल्या वा निमशहरातल्या सुशिक्षित माणसाच्या हाती न्यायालयाचा पहिला कागद पडतो तो बहुधा जमिनीमुळे नव्हे, वाहनामुळे. त्या क्षणी त्याला आठवते ती हीच म्हण.

मग पुढे तीन मार्ग दिसतात. पहिला, चूक आपली आहे की नाही याचा विचारही न करता पैसे भरून मोकळे होणे. दुसरा, आलेल्या कागदाकडे वा मोबाइलवरील संदेशाकडे दुर्लक्ष करणे. तिसरा, ‘कोणाची ओळख निघते का’ याचा शोध घेणे. वरवर हे मार्ग भिन्न भासले तरी तिन्हींचे सार एकच आहे : उत्तर देण्याचे टाळणे. वाहनचालकाने न्यायालयाविषयी काय जाणून घ्यावे, याची चर्चा म्हणूनच कलमे आणि रकमा यांच्यापासून सुरू न करता या टाळण्यापासून करायला हवी, असे मला वाटते.

आपण भाषेचे लोक असल्याने आधी शब्दच पाहू. वाहतूक पोलीस देतात त्या कागदाला आपण ‘चलन’ म्हणतो. नाण्यानोटांनाही मराठीत ‘चलन’च म्हणतात. दोन्ही शब्द असे एकरूप झाल्याने जणू आपली समजूतही एकरूप झाली आहे. चलन आले म्हणजे पैसे द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ उरला. वस्तुतः चलन हा आरोप आहे, निकाल नव्हे. अमुक वाहनाने, अमुक ठिकाणी, अमुक वेळी कायद्याचा भंग केला, असे राज्याचा एक अधिकारी म्हणतो आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ते म्हणणे मान्य करायचे की नाकारायचे, हा निर्णय वाहनचालकाचा असतो, आणि ते खरे की खोटे, हा निर्णय न्यायालयाचा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये काही अपराध तडजोडीने मिटवण्याची सोय आहे. राज्य सरकारने ठरवून दिलेली रक्कम अधिकाऱ्याकडे भरली की प्रकरण संपते आणि पुढे खटला चालत नाही. महाराष्ट्रात या तडजोडीच्या रकमा डिसेंबर २०२१ मध्ये वाढवण्यात आल्या. व्यवहारात आपण या रकमेला ‘दंड’ म्हणतो. पण दंड न्यायालय सुनावते, दोष सिद्ध झाल्यानंतर. तडजोडीची रक्कम भरणारा माणूस दोषी ठरलेला नसतो, त्याने केवळ वाद मिटवलेला असतो. हा फरक सूक्ष्म वाटला तरी त्याचे परिणाम सूक्ष्म नाहीत. सगळेच अपराध असे मिटत नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मद्य पिऊन वाहन चालवणे हा त्यांतला सर्वांत ठळक अपराध. कलम १८५ खाली येणाऱ्या या अपराधात रस्त्यावर पैसे भरून सुटका नाही. न्यायालयापुढे जावेच लागते. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. शिवाय दोष सिद्ध झाला की वाहन चालवण्याचा परवाना किमान सहा महिन्यांसाठी बाद करण्याचा आदेश न्यायालयाने द्यायचा असतो. ‘दहा हजार भरले आणि सुटलो’ असे सांगणाऱ्याने आपण काय कबूल करून आलो, हे बहुधा वाचलेलेच नसते.

याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा रकमांच्या गदारोळात हरवली. ‘धोकादायक रीतीने वाहन चालवणे’ म्हणजे काय, याच्या स्पष्टीकरणात तिने काही कृती नावानिशी घातल्या. लाल दिवा ओलांडणे, थांबण्याची खूण न जुमानणे, हातात फोन घेऊन वाहन चालवणे, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणे, या त्यांपैकी काही. आपल्या बोलण्यात या गोष्टी ‘सिग्नल तोडला’, ‘राँग साइडने आलो’ अशा हलक्याफुलक्या क्रियापदांनी येतात. कायद्याच्या भाषेत मात्र, अशी कृती करणारा माणूस काळजीपूर्वक वाहन चालवणाऱ्याकडून असलेल्या अपेक्षेपासून फार दूर गेला आणि त्याने इतरांना धोक्यात घातले, असे ठरले तर हा कारावासापर्यंत जाऊ शकणारा अपराध आहे. बोलीतला शब्द आणि कायद्यातला शब्द यांच्यातील अंतर समन्स हाती पडते तेव्हाच कळावे, ही स्थिती बरी नव्हे.

तेव्हा समन्स आलेच तर काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे ते वाचावे. सल्ला हास्यास्पद वाटेल. पण न्यायालयाचा कागद वाचण्याआधी वकिलाकडे, आणि वकिलाच्याही आधी मध्यस्थाकडे नेणारे पदवीधर पुष्कळ आहेत. वाहनाचा क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ आणि कलम, या पाच बाबी ताडून पाहाव्यात. वाहन आपलेच आहे का? त्या दिवशी ते कोण चालवत होते? कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावरून निघणारे ई-चलन वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या नावावर येते. चालवणारा कोण होता याची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. परंतु जो रस्त्यावर नव्हताच त्याने ‘मी चुकलो’ म्हणणे हे कर्तव्य नव्हे. जुनी गाडी विकली, पैसे घेतले, चावी दिली आणि नोंदणी आपल्याच नावावर राहू दिली, असे करणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. गाडी अनेक हातांतून गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघातातील भरपाईचे दायित्वही त्याचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दिलेल्या तारखेला हजर राहावे, किंवा वकिलामार्फत हजर राहता येते का हे पाहावे. समन्सकडे दुर्लक्ष केले तर न्यायालय वॉरंट काढू शकते, आणि पाचशे रुपयांचा प्रश्न अटकेच्या प्रश्नापर्यंत जातो. किरकोळ प्रकरणांत न्यायालयात न जाताही कबुली देण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम २०८ या दृष्टीने मोठे वाचनीय आहे. त्यानुसार आरोपीला समन्सात सांगितलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवता येते आणि गुन्ह्याची कबुली मनीऑर्डरच्या कूपनवरच लिहिता येते. गावाकडच्या आईला ‘पैसे पाठवत आहे, प्रकृतीस जपावे’ असे ज्या इवल्या जागेत लिहिले जाई, तिथेच अपराधाची कबुलीही लिहावी, अशी ही कल्पना. या मार्गाने कबुली दिल्यास केवळ त्या कबुलीमुळे परवाना बाद होत नाही, हेही त्याच कलमात आहे. आता कूपनची जागा संगणकाने घेतली आहे. नागपूर जिल्ह्यात काटोल येथे वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. अशा न्यायालयाच्या पडद्यावर दोन पर्याय दिसतात : प्रस्तावित दंड भरणे किंवा आरोप अमान्य करणे. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते.

या दोन पर्यायांपाशी थोडे थांबावेसे वाटते. माणूस न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रत्यक्ष उभा राहतो तेव्हा काय व्हावे, असे कायद्याला अपेक्षित आहे? समन्स-खटल्यात न्यायाधीशांनी आरोपीला अपराधाचा तपशील सांगायचा आणि विचारायचे : गुन्हा कबूल आहे की काही बचाव मांडायचा आहे? त्याने कबूल केले तर ती कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची. ही तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली आहे. त्याच्याच शब्दांत! वकिलाच्या नव्हे, पोलिसाच्या नव्हे, छापील नमुन्याच्या नव्हे. एवढेच नव्हे, तर कबुली मिळाली म्हणून न्यायालयाने दोषी ठरवलेच पाहिजे असेही नाही. ते न्यायालयाच्या विवेकावर सोडलेले आहे. कारण माणूस घाबरून, न समजून किंवा घाईने ‘हो’ म्हणू शकतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

साध्या नागरिकाच्या तोंडच्या शब्दांना इतका मान देणारी दुसरी सरकारी प्रक्रिया मला तरी आठवत नाही. रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सर्वत्र आपण रकान्यांत बसवले जातो. इथे मात्र रकाना मोकळा आहे. व्यवहारात अर्थातच तो मोकळा राहत नाही. गर्दीच्या न्यायालयात पुकारा होतो, माणूस पुढे येतो, ‘कबूल?’ असा एकशब्दी प्रश्न, ‘हो साहेब’ असे दोनशब्दी उत्तर, आणि पुढचा पुकारा. दोष केवळ न्यायालयाचा नाही. प्रकरणांचा ढीग पाहता न्यायाधीशांनी तरी काय करावे? पण आपणही शब्दांची तयारी करून जात नाही. पैशांची तेवढी करून जातो.

म्हणून तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ‘हो’ म्हणण्यापूर्वी त्या ‘हो’चा अर्थ समजून घ्यावा. न्यायालयात ‘गुन्हा कबूल’ म्हटल्यावर होते ती तडजोड नव्हे, दोषसिद्धी. तीवर पुढे अपील करायचे झाले तर शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदेशीर आहे एवढ्यापुरतेच करता येते. ‘मी ते केलेच नव्हते’ हा मुद्दा बहुतांशी मागे पडतो. पुढे तोच अपराध पुन्हा घडला तर तो ‘दुसरा’ मोजला जातो. उलट, ‘कबूल नाही’ म्हणणे हा न्यायालयाचा अवमान नाही, उद्धटपणा नाही आणि कांगावाही नाही. आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, आणि तो वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारावा, अशी विनंती करता येते. महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा आपल्यावरील आरोप आपल्या भाषेत समजून घेण्यात संकोच कसला? वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रिक्षा चालवणाऱ्याने वा घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या मुलाने पाचशे रुपयांच्या चुकीच्या चलनासाठी तारखेला जायचे, तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. तारीख पुढे पडली तर आणखी एका दिवसाची. खरे बोलणे त्याला पाचशे रुपयांहून महाग पडते. त्याने निमूटपणे पैसे भरले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मासिक पगार घेणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. पण नेमकी म्हणूनच ज्यांना एक रजा टाकणे परवडते त्यांची जबाबदारी वाढते. चुकीचे चलन कोणीच नाकारले नाही, तर चुकीचे चलन निघणे थांबण्याचे कारणच उरत नाही.

लोकअदालतीविषयीही असेच. वर्षातून काही वेळा भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत थकलेली ई-चलने मिटवली जातात, त्याआधी मोबाइलवर सूचना येतात. ही उपयुक्त सोय आहे. तिथे दिला गेलेला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते, एवढे लक्षात ठेवून तिचा लाभ घ्यावा. परंतु तिच्याभोवती जी मनोवृत्ती वाढते आहे ती चिंताजनक आहे. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये थकीत चलनांवर भरघोस सूट दिली, दुचाकीस्वारांना तर केवळ चतुर्थांश रक्कम भरायची होती. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली. थकबाकी वसूल झाली असेल. पण ज्याने वेळेवर पैसे भरले तो मूर्ख ठरला, आणि अपराधाचा दर दिवाळीच्या सेलमधील साडीसारखा उतरतो, हा धडा मागे राहिला. ‘आता भरू नकोस, सूट येईल’ हा सल्ला आज सहज कानी पडतो. ज्या गोष्टीची किंमत घासाघीस करून कमी होते तिला माणूस अपराध मानीलच कसा?

अपराध ही गोष्ट आपण विसरलो तरी रस्ता विसरत नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. चलनाच्या कागदावर या माणसांना जागा नसते. तिथे राज्य आणि वाहनचालक असे दोनच पक्ष असतात. तिसरा पक्ष, म्हणजे तो रस्ता ओलांडणारी बाई, सायकलवरचा शाळकरी मुलगा, पदपथावर झोपलेला मजूर, हा न्यायालयात अवतरतो तो अपघात झाल्यावरच. तेव्हा मात्र वाहनचालकाला अनेक आघाड्यांवर उत्तर द्यावे लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा फौजदारी खटला एकीकडे चालतो. जुन्या दंड संहितेत त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास होता, भारतीय न्याय संहितेत तो पाच वर्षांपर्यंत वाढला आहे. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे चालतो. एकाचा निकाल म्हणजे दुसऱ्याचा निकाल नव्हे. आणि निष्काळजीपणाची सीमा कुठे संपते, हेही न्यायालयच ठरवते. मुंबईच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मेले. उच्च न्यायालयाने त्या प्रकरणी केवळ निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवध मानला आणि तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपल्या कृतीचे परिणाम माहीत असतात असे गृहीत धरता येते, हे त्या निकालाने दाखवून दिले.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे जे घडले ते सर्वांना आठवत असेल. अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींपैकी एक होती ती रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप उसळला. काटेकोरपणे पाहिले तर त्या संतापात एक गैरसमज होता : निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, आणि जामीन म्हणजे निकाल नव्हे. हा भेद प्रत्येक वाहनचालकाने, किंबहुना प्रत्येक नागरिकाने समजून घ्यावा असा आहे. तरीही लोकांना जे खुपले ते चुकीचे नव्हते. आयुष्यभर निबंध तपासणाऱ्या आम्हा मराठीच्या शिक्षकांना तर ते अधिकच जाणवले. निबंध विषयावर लिहिला जातो, जबाब स्वतःविषयी द्यावा लागतो. निबंधात ‘रस्त्यांवरील अपघात ही आजची ज्वलंत समस्या आहे’ असे म्हणून वाक्यामागे लपता येते. जबाबात कर्ता ‘मी’ असतो आणि क्रियापद त्या ‘मी’ला चिकटलेले असते. लोकांना मृतांसाठी जबाब हवा होता. त्यांच्या कानी पडला तो निबंध.

त्या प्रकरणाने आणखी एक कलम चर्चेत आणले, जे अकरावी-बारावीच्या मुलांना गिअरची दुचाकी देऊन महाविद्यालयात पाठवणाऱ्या पालकांनी भिंतीवर लावून ठेवावे. कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आपल्या नकळत किंवा आपण रोखूनही ते घडले, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. ‘मुलगा हट्टी आहे, ऐकत नाही’ हे वाक्य आम्ही पालकसभेत नेहमी ऐकतो. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ते बचाव म्हणून उभे राहील काय, याचा विचार चावी देण्यापूर्वीच करावा.

वाहन चालवण्याचा परवाना देताना आपण उमेदवाराला खुणा ओळखायला लावतो, आठाच्या आकारात गाडी वळवायला लावतो. समन्सचा एक नमुना त्याच्यापुढे ठेवून ‘यात काय लिहिले आहे ते सांगा’ असे विचारले तर किती जण उत्तीर्ण होतील? परिवहन खात्याने ते करावे तेव्हा करो. महाविद्यालयांना त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. अकरावीच्या वर्गात एक तास त्यासाठी ठेवता येईल, तालुका विधी सेवा समितीतून एखाद्या वकिलांना बोलावता येईल, आणि मुलांना चार ओळी लिहायला सांगता येतील : सिग्नल तुम्ही ओलांडला असेल तर न्यायाधीशांना काय सांगाल, आणि ओलांडला नसेल तर काय? त्या चार ओळींत ‘मी’ हा कर्ता असला पाहिजे, एवढी एकच अट घालावी.